नक्षी शिल्लक, तरी पकड का गेली?

प्रश्न : माझी 150 सीसीची गाडी रोज पुणे–सातारा महामार्गावर धावते. मागच्या टायरला नक्षी बरीच आहे, पण खंबाटकीच्या वळणावर गाडी आधी झुकतच नाही, मग एकदम आत पडते. चेसिस वाकली असेल का? (एक वाचक, शिरवळ)

उत्तर : चेसिसचा संशय नंतर. आधी गाडीमागे उकिडवे बसा आणि टायरवर मधोमध एक पट्टी आडवी धरा. गोलाई शाबूत असेल तर पट्टी एकाच जागी टेकते. दोन बोटांएवढ्या रुंदीवर टेकली तर टायर सपाट झाला आहे. सरळ रस्त्यावर मधलाच भाग झिजतो आणि सपाटीच्या दोन्ही बाजूंना कड तयार होते. गाडी झुकवताना आधी त्या कडेवर चढते म्हणून जड लागते, आणि कड ओलांडली की झपकन खाली येते. डबलसीटची हवा भरून एकट्याने फिरलात तर ही झीज लवकर होते. हवा गाडीवरच्या स्टिकरप्रमाणेच भरा, तीही टायर थंड असताना.

सपाट झालेला टायर पुन्हा गोल होत नाही, तो बदलावाच लागतो. नियमाप्रमाणे दुचाकीला 0.8 मिमी खोली चालते, पण ती मधल्या पट्ट्यात मोजा. कडेची नक्षी फसवी असते. आमच्या मते मध्यावर 2 मिमी उरले की पावसाळ्याची वाट पाहू नये. नवा टायर पहिले 100–150 किमी जपून चालवा, झुकाव हळूहळू वाढवा.

नव्या टायरवरही गाडी डुलली तर मेन स्टँडवर लावून मागचे चाक आडवे हलवा. खडखडले तर स्विंग आर्मचे (मागचे चाक धरणाऱ्या दांड्याचे) बुश किंवा चाकाचे बेअरिंग गेले आहे.

प्रश्न : पुढच्या टायरवरून हात फिरवला की एका दिशेने करवतीसारखा लागतो. शिवाय घूं घूं आवाज येतो.

उत्तर : ब्रेक लागताना नक्षीचे ठोकळे वाकतात आणि तिरके झिजतात. हवा कमी असली की जास्तच. थोडे असेल तर चिंता नाही. टायरवर खड्डेही पडले असतील तर पुढचे शॉकअप आणि कोनसेट (हँडलच्या मानेतले बेअरिंग) तपासा : पुढचे चाक उचलून हँडल सावकाश फिरवा. मध्यावर अडकले तर कोनसेट बदला, नुसता आवळून भागणार नाही.

प्रश्न : गाडी फार फिरलेली नाही, टायर नव्यासारखे दिसतात. तरी पहिल्या पावसात घसरते.

उत्तर : टायरच्या बाजूवर लंबगोलातले शेवटचे चार आकडे वाचा. 3517 म्हणजे 2017 चा 35वा आठवडा. (नवा टायर घेतानाही दुकानातच हे पाहून घ्यावे.) उभ्या गाडीचे रबरही वर्षांनुवर्षे कडक होते. पाच वर्षांनंतर दरवर्षी नक्षीच्या खाचांत तडे शोधा. दिसले तर टायर काढा. वॉशिंग सेंटरवर चमक यावी म्हणून डिझेल मारतात, त्याला स्पष्ट नाही म्हणा. डिझेलने रबर खराब होते आणि टायर निसरडा होतो. टायर पॉलिश लावायचेच तर फक्त बाजूला, तेही कापडाने. फवारले की नक्षीवर उडतेच.