अंडाशयातील गाठ : साधी की कर्करोगाची?

प्रश्न : माझ्या मोठ्या जाऊबाई ५४ वर्षांच्या असून त्यांची पाळी जाऊन चार वर्षे झाली. पोट सतत फुगल्यासारखे वाटते म्हणून सोनोग्राफी केली, तेव्हा डाव्या अंडाशयात ७ सेंटिमीटरची, आत कप्पे आणि थोडा घट्ट भाग असलेली गाठ दिसली. रक्तातील सीए-१२५ (अंडाशयाच्या कर्करोगात वाढू शकणारा एक घटक) हा ४६ आला. आकडा फारसा नाही, सुईने पाणी काढून घ्या, असे एका परिचितांनी सुचवले आहे. काय करावे?
– एक वाचक, पंचवटी, नाशिक

उत्तर : सर्वांत आधी सांगते, गाठीत सुई घालू देऊ नका. गाठ कर्करोगाची असेल, तर गळणाऱ्या पाण्याबरोबर त्या पेशी पोटात पसरू शकतात; शिवाय त्या पाण्यात दोष सापडला नाही, म्हणून गाठ साधी ठरत नाही.

सीए-१२५ ची मर्यादा साधारणपणे ३५ धरतात. एंडोमेट्रिओसिस (गर्भाशयाच्या अस्तरासारखा थर बाहेर वाढणे), फायब्रॉइड (गर्भाशयातील साधी गाठ), ओटीपोटातील जंतुसंसर्ग, इतकेच नव्हे तर मासिक पाळीच्या दिवसांतही तो वाढतो, त्यामुळे पंचविशीतल्या मुलीच्या रिपोर्टवर ४६ दिसले तर मी सहसा काळजी करत नाही. पाळी गेल्यावर यातली बरीच कारणे मागे पडतात आणि तोच ४६ निराळा वाचावा लागतो. सोनोग्राफी, पाळी आणि हा आकडा यांचा गुणाकार करण्याची एक पद्धत आहे. जाऊबाईंच्या गाठीत कप्पे व घट्ट भाग अशा दोन संशयास्पद खुणा आहेत, त्याचे ३; पाळी गेली आहे, त्याचेही ३; म्हणजे ३ × ३ × ४६ = ४१४. हा गुणाकार २०० च्या पुढे गेला, की रुग्णाला स्त्रियांच्या कर्करोगाच्या शस्त्रक्रिया करणाऱ्या तज्ज्ञांकडे पाठवतात.

४१४ आले म्हणजे कर्करोग झालाच, असे मुळीच नाही. अंडाशयाच्या बहुतेक गाठी साध्याच असतात. डरमॉइड गाठीत तर केस आणि दातही सापडतात, तरी ती बहुधा निरुपद्रवीच असते. साध्या आणि कर्करोगाच्या गाठींमध्ये एक सीमेवरचा प्रकारही असतो. गाठ यांपैकी कोणती, हे ती काढून सूक्ष्मदर्शकाखाली तपासल्यावरच नक्की होते, आणि म्हणूनच ती न फोडता अखंड बाहेर काढणे फार मोलाचे आहे. ऑपरेशन सुरू असतानाच गाठीचा तुकडा तपासण्याची, म्हणजे फ्रोझन सेक्शनची, सोय तिथे आहे का, हे तारीख घेण्यापूर्वी अवश्य विचारा.

असे तज्ज्ञ आता नाशिकमध्येही आहेत. मुंबईची तारीख मिळेपर्यंत थांबू नका. माहेरी कोणाला स्तनाचा किंवा अंडाशयाचा कर्करोग झाला असल्यास तेही त्यांना सांगा. दरम्यान पोटात एकाएकी असह्य कळ येऊन उलट्या सुरू झाल्या, तर गाठीला पीळ पडलेला असू शकतो. रात्र असली तरी त्याच वेळी रुग्णालय गाठा.