घरफाळा जातो कुठं, असं विचारणारी मुलगी

पत्र : मुलगी बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला आहे. आमचं शिवाजी उद्यमनगरात लेथचं छोटं वर्कशॉप आहे. तिनं सीए होऊन कारखान्यांची कामं घ्यावीत, असं मला वाटतं. तिनं मात्र महापालिकेचं ऑडिट करायचं डोक्यात घेतलंय. ‘आपण घरफाळा भरतो, तो जातो कुठं?’ हे तिचं पालुपद. त्यात पैसा नाही आणि वैरी फुकटचे, असं माझं म्हणणं. यात खरंच करिअर आहे का? – एक वडील, कोल्हापूर

नमस्कार.

‘वैरी फुकटचे’ वाचून हसू आलं. मी आर्टिकलशिप, म्हणजे सीए होताना फर्ममध्ये करायची उमेदवारी, करत होतो तेव्हा आमच्या घरातही हेच ऐकू यायचं.

एका नगरपालिकेत मला वाहन विभागाची प्रमाणकं (खर्चाची व्हाउचर्स) तपासायला बसवलं होतं. कचऱ्याच्या गाडीचं लॉगबुक अगदी स्वच्छ, रोजचे किलोमीटर, रोजचं डिझेल, खाली सही. बेरजा तंतोतंत. जेवणाच्या सुट्टीत सहज म्हणून शेजारच्या टेबलावरचं दुरुस्तीचं रजिस्टर चाळलं, तर तीच गाडी त्यातले नऊ दिवस गॅरेजमध्ये उभी! रक्कम किरकोळ होती. पण त्या दिवशी कळलं, की चूक बेरजेत सापडत नाही, दोन वह्या शेजारी ठेवल्या की सापडते. रस्त्याचं बिल आणि मोजमाप पुस्तिका, पाण्याची जोडणी आणि पाणीपट्टीची मागणी, उचललेली तसलमात (आगाऊ रक्कम) आणि तिचा कधीच न आलेला हिशोब. तुम्ही जॉबवर्कचं चलन बिलाशी ताडून बघता ना, तेच. मुलगी ते बघत मोठी झालीय. खूळ तुमच्याच घरातलं आहे.

आता करिअरचं. महापालिकेचं ऑडिट एकच माणूस करत नाही. महापालिकेत स्वतःचा मुख्य लेखापरीक्षक असतो. दुसरा राज्याच्या वित्त विभागाखालचा स्थानिक निधी लेखापरीक्षा विभाग, तो 1930 च्या कायद्यावर उभा आहे. तिसरी कॅग, म्हणजे सरकारी हिशोब तपासणारी देशपातळीवरची यंत्रणा. मुंबई महापालिकेच्या सुमारे 12 हजार कोटींच्या कामांचं विशेष ऑडिट कॅगनं केलं आणि 2023 मध्ये ते विधानसभेत गाजलं, ते तुम्ही ऐकलं असेल. शिवाय खासगी सीए फर्म्सना अंतर्गत लेखापरीक्षण आणि दुहेरी नोंद पद्धतीनं हिशोब लावून देण्याची कामं मिळतात.

यातली निवड पगारावरून करू नका. तिला एकच प्रश्न विचारायला सांगा : मी लिहिलेला आक्षेप कुणाच्या टेबलावर जाणार? कायद्यानं महापालिकेचा मुख्य लेखापरीक्षक आयुक्तांना नव्हे, नगरसेवकांच्या स्थायी समितीला अहवाल देतो. खर्च करणारा एक, जाब विचारणारा दुसरा. आता आपल्याच गावाचं बघा. नोव्हेंबर 2020 मध्ये महापालिकेच्या निवडून आलेल्या सभागृहाची मुदत संपली आणि पुढची पाच वर्षं प्रशासक होता. स्थायी समितीचे अधिकारही त्याच्याकडेच. म्हणजे ज्याच्या कारभारावर आक्षेप, वाचणाराही तोच. माणूस कितीही सरळ असो, ही रचना मला पटत नाही. बाहेरच्या ऑडिटरची गरज अशा वेळी जास्त असते. फर्मचं तर विचारूच नका, तिची नेमणूक आणि फी दोन्ही ज्याचं ऑडिट त्याच्याच हातात. काही सीए तरीही ताठ लिहितात, पण पुढच्या वर्षी काम राहील याची खात्री नसते.

मार्ग सांगतो. कॉमर्स पदवीला 55 टक्के असतील तर सीएची फाउंडेशन परीक्षा द्यावी लागत नाही, थेट इंटरमिजिएटला बसता येतं. आर्टिकलशिप आता तीनऐवजी दोन वर्षांची आहे. फर्म निवडताना नाव बघू नका, काम बघा. कोल्हापुरात पतसंस्था, दूध संस्था, साखर कारखाने यांना तोटा नाही, नगरपालिकांचं काम असलेली फर्म मात्र शोधावी लागेल. तेवढे हेलपाटे तिनं घालावेत. कॅगमध्ये जायचं तर केंद्राच्या स्टाफ सिलेक्शन कमिशनची पदवीधरांसाठीची सीजीएल परीक्षा आहे. पदवी कुठलीही चालते, त्यातून ऑडिटरचं पद मिळतं. नेमणूक देशात कुठेही होऊ शकते, हे मात्र घरात आधीच बोलून घ्या. त्याहून वर, यूपीएससीतून भारतीय लेखापरीक्षण आणि लेखा सेवा, जिचं प्रशिक्षण सिमल्याला होतं. राज्याच्या विभागात भरती अधूनमधून निघते, त्या एकाच आशेवर वर्षं घालवू नयेत.

माझं मत विचाराल तर आधी सीए इंटर आणि आर्टिकलशिप, आणि दुसऱ्या वर्षापासून सीजीएलचा अभ्यास. म्हणजे तुमचंही मन राहतं आणि तिची वाटही बंद होत नाही.

वैऱ्यांबद्दल. ऑडिटर कुणाला पकडत नाही आणि पैसेही वसूल करत नाही. तो कागद मागतो आणि न मिळाल्यास ‘अभिलेख उपलब्ध करून दिले नाहीत’ असं लिहितो. चिडचिड होते, चहा यायचा बंद होतो, एवढंच बहुतेकदा. खरा त्रास वेगळाच. लिहिलेला आक्षेप अनुपालनाविना, म्हणजे उत्तर किंवा दुरुस्ती न होता, वर्षानुवर्षं तसाच पडून राहतो, वसूलपात्र रक्कम तशीच पुढच्या अहवालात येते. हे सोसण्याचा चिवटपणा तिच्यात आहे का, हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक.

तोपर्यंत एक करा. माहिती अधिकाराचा अर्ज करून तिला महापालिकेच्या एखाद्या वर्षाच्या लेखापरीक्षण अहवालाची प्रत मागवू द्या. अर्ज तिनंच लिहावा, पाठपुरावाही तिनंच करावा. प्रत हातात आल्यावर घरफाळ्याचा भाग आधी वाचावा, तिचा प्रश्न तिथलाच आहे.

आणि पुढचं पत्र तिला लिहू द्या. अहवालातले कुठले तीन आक्षेप तिनं निवडले आणि कुठल्या दोन वह्या शेजारी ठेवून ते सापडले असतील, एवढं कळवलं तरी पुरे.