भाकरी आणि चिपाड, दोन्ही ग्लुकोजचीच! मग एक पचतं, दुसरं का पचत नाही?

तुमचे प्रश्न दोन आहेत: साध्या शर्करा जोडून मोठी कर्बोदकं कशी बनतात, आणि स्टार्च व सेल्युलोज दोन्ही ग्लुकोजचेच असताना आपल्याला एकच का पचतं? मी कोल्हापूरजवळचा, करवीर तालुक्यातला. रसायनशास्त्र शिकवतो आणि घरचं गुऱ्हाळ आहे. मला तर दोन्ही उत्तरं गुऱ्हाळावरच दिसतात. काहिलीत उसाचा रस, चुलवाणात चिपाड (रस काढून उरलेला उसाचा चोथा), जाळ घालणाऱ्या जळव्याच्या हातात भाकरी. तिन्हीत ग्लुकोज आहे.

आधी रस. उसाची साखर म्हणजे सुक्रोज, एक ग्लुकोज आणि एक फ्रुक्टोज. दोघांचाही रेणूभार 180, म्हणजे बेरीज 360 यायला हवी. सुक्रोजचा भरतो 342. कमी पडलेले 18 म्हणजे पाण्याचा एक रेणू. जोड बसताना तो वजा होतो आणि जोड तोडायला तेवढंच पाणी परत घालावं लागतं. साखळी दोनची असो की हजारोंची, हिशेब हाच.

इथं मुलं हमखास अडखळतात. काहिलीतून एवढी वाफ जाते, मग साखर जुळून स्टार्च का होत नाही? कारण ती वाफ रसातल्या पाण्याची आहे, जोडातल्या नव्हे. नुसतं उकळून जोड बसत नाही. उलट आंबट रस तापला की सुक्रोज तुटतं, म्हणूनच चुन्याची निवळी घालतात. जोडणी करते ती जिवंत पेशी, आणि त्यासाठी ऊर्जा खर्चते. खुरप्याला मूठ बसवावी तसं आधी ग्लुकोजला न्यूक्लिओटाइड (पेशीतला एक लहान वाहक रेणू) बसवलं जातं. मग एन्झाइम (पेशीत रासायनिक क्रिया घडवणारं प्रथिन) ते ग्लुकोज साखळीच्या टोकाला लावतं आणि मूठ सुटते. हे अर्जेंटिनात काम केलेल्या लुईस लेलुआर यांनी उलगडलं. त्यांना 1970 चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं.

जोड तुटणं म्हणजे काय, ते आम्ही एका हंगामात नुकसान सोसून पाहिलं. मोटार जळाली आणि तोडलेला ऊस तीन दिवस पडून राहिला. आमच्या गुळव्यानं पाक थंड पाण्यात टाकून बोटांनी गोळी करून पाहिली आणि म्हणाला, “ऊस शिळा झालाय. ह्यो गूळ काय बसत न्हाई.” बसला नाहीच, चिकट लगदा झाला. तोडल्यावर उसातलंच एन्झाइम सुक्रोजचे ग्लुकोज आणि फ्रुक्टोज असे दोन तुकडे करत राहतं. हे सुटे तुकडे गुळाचा दाणा धरू देत नाहीत आणि हवेतलं पाणी ओढतात. पावसाळ्यात गूळ पाझरतो तोही याचमुळे.

आता भाकरी आणि चिपाड, म्हणजे भाकरीतला स्टार्च आणि चिपाडातलं सेल्युलोज. ग्लुकोजच्या कड्यात पहिल्या कार्बनवरचा ओएच (ऑक्सिजन-हायड्रोजन) गट खाली असेल तर अल्फा, वर असेल तर बीटा. फरक एवढाच, पण सगळं यावरच ठरतं. स्टार्चमध्ये जोड अल्फा असतात, म्हणून साखळी जिन्यासारखी वळत जाते, तिला फांद्याही फुटतात, आणि त्या सैल गुंडाळीत एन्झाइमला शिरता येतं. (आपल्या यकृतातलं ग्लायकोजेन याच जातीचं, फक्त फांद्या जास्त.) सेल्युलोजमध्ये जोड बीटा. प्रत्येक पुढचं ग्लुकोज पालथं बसतं, त्यामुळे साखळी सरळसोट राहते. अशा साखळ्या शेजारी शेजारी हायड्रोजन बंधांनी घट्ट आवळल्या जातात आणि त्यातून उसाला उभं धरणारा धागा तयार होतो. आपल्या लाळेतलं अमायलेज अल्फा जोडच तोडतं. सेल्युलोजमधले बीटा जोड तोडणारं एन्झाइम आपलं शरीर बनवतच नाही. बैल वाढं (उसाचे हिरवे शेंडे) पचवतो तेही स्वतःच्या बळावर नाही, त्याच्या पोटातल्या सूक्ष्मजीवांच्या जोरावर.

वर्गात मी हे चावून बघायला सांगतो, तुम्हीही बघा. कोरड्या भाकरीचा घास न गिळता दोन-तीन मिनिटं चावत राहा, हळूहळू गोडसर लागायला लागेल. मग उसाचं कांडं खा, आणि रस संपल्यावरही चोथा तसाच चावत राहा. कितीही वेळ चावलात तरी त्याला पुन्हा गोडी येणार नाही.