फवारणी संपली, आता बॅटऱ्यांचं काय?

सोयाबीनचा हंगाम उरकला की माझ्याकडे ड्रोनबद्दल येणाऱ्या प्रश्नांचा रोख बदलतो. जुलै-ऑगस्टमध्ये नोझल, पंखे, जीपीएस यांची विचारणा असते. दसरा-दिवाळीनंतर विषय एकच, बॅटरी. यंदा आलेल्यांपैकी काही प्रश्न इथे घेतो.

आमच्या बचत गटाला नमो ड्रोन दीदी योजनेतून ड्रोन मिळाला. सप्टेंबरमध्ये शेवटची फवारणी झाल्यावर बॅटऱ्या फुल चार्ज करून कपाटात नीट ठेवल्या. तुरीसाठी नोव्हेंबरात काढल्या, तर चारपैकी दोन फुगलेल्या. वापरल्याच नाहीत, मग खराब कशा झाल्या? – लातूर जिल्हा

ताई, तुम्ही हयगय केली नाहीत, उलट फार जपलंत. फक्त इन्व्हर्टरच्या आणि ट्रॅक्टरच्या बॅटरीला जसं जपतात तसं जपलंत. त्या बॅटऱ्या शिसं-आम्लाच्या. त्या उतरलेल्या ठेवल्या तर प्लेटांवर सल्फेट धरतं, म्हणून त्या कायम भरलेल्या ठेवायच्या असतात. ड्रोनची लिथियम पॉलिमर बॅटरी याच्या अगदी उलट वागते. फुल चार्ज, म्हणजे आतल्या दर सेलला ४.२ व्होल्ट, ही तिच्यासाठी ताणलेली अवस्था आहे. त्या ताणात आतलं इलेक्ट्रोलाइट हळूहळू विघटित होतं आणि वायू सुटतो. वरचं आवरण पातळ, मऊ असतं, त्यामुळे वायू साठला की पॅक फुगतो. उष्णता जितकी जास्त तितका हा प्रकार वेगाने घडतो. त्यात तुमचा ऑक्टोबर हीटचा महिना मध्ये गेला. कपाट स्लॅबखालच्या खोलीत असेल तर तिथे दुपारी किती तापतं ते तुम्हाला मी सांगायला नको.

यापुढे चार-पाच दिवसांत उडवायचं नसेल तर दर सेलला ३.८ ते ३.८५ व्होल्ट ठेवा. सहा सेलच्या पॅकला म्हणजे एकूण २२.८ ते २३.१ व्होल्ट. चार्जरवर ‘स्टोरेज’ नावाचा पर्याय असतो, तो लावला की चार्जर स्वतःच तिथे येऊन थांबतो. महिन्यातून एकदा मोजायचं. सेल ३.७ च्या खाली गेलेला दिसला की पुन्हा स्टोरेजला आणायचं. ड्रोनमध्ये जोडून तर मुळीच ठेवू नका. सेल ३ व्होल्टच्या बराच खाली जाऊन दीर्घकाळ तसाच राहिला तर आतला तांब्याचा पत्रा विरघळायला लागतो आणि पुढच्या चार्जिंगला तेच तांबं आत शॉर्ट करू शकतं. असा पॅक मला फुगलेल्यापेक्षाही जास्त धोक्याचा वाटतो, कारण बाहेरून तो नवाकोरा दिसतो.

आणखी एक. तुमच्या ड्रोनला दोन बॅटऱ्या जोडीने लागत असतील, तर फुगलेल्या दोन एकाच जोडीतल्या आहेत का ते पाहा. जोड्यांना मार्करने १-अ, १-ब असे नंबर घाला आणि जोडी कधी फोडू नका. जुनी आणि नवी एकत्र लावली की जुनी आधी उतरते आणि टाकी भरलेली असताना ड्रोन खाली येतो.

रात्री सगळे सेट चार्ज केले आणि सकाळी पाऊस. पुढचे आठ दिवस काम नाही. आमच्या साध्या चार्जरवर स्टोरेजला उतरवायला दीड दिवस दाखवतो. दुसरा उपाय? – निफाड

चार्जरची चूक नाही, उतरवण्याची त्याची ताकदच थोड्या वॉटची असते. यासाठी ट्रकच्या हेडलाइटचा २४ व्होल्टचा, ७०-७५ वॉटचा हॅलोजन बल्ब उत्तम. कोणत्याही ऑटो इलेक्ट्रिकच्या दुकानात मिळतो. होल्डरच्या वायरींना बॅटरीला बसेल असा कनेक्टर डाग देऊन लावा. हा बल्ब साधारण ३ अँपिअर खेचतो, म्हणजे सहा सेलचा १६,००० एमएएचचा (१६ अँपिअर-अवरचा) पॅक फुलवरून स्टोरेजला यायला अडीच-तीन तास लागतात. बल्ब फरशीवर ठेवा. तो इतका तापतो की खाली प्लॅस्टिक असेल तर वितळेल.

पण बल्ब आपण होऊन थांबत नाही. मी एकदा पॅक बल्बला लावून बागेत गेलो, परतायला रात्र झाली. सहाही सेल दोन व्होल्टच्या खाली. चांगला पॅक माझ्या हातून गेला, त्याचं मला आजही वाईट वाटतं. तेव्हापासून बॅलन्सच्या, म्हणजे प्रत्येक सेलचं व्होल्टेज मोजायच्या पांढऱ्या कनेक्टरला, सेल ३.८ वर आला की वाजणारा बझर जोडल्याशिवाय मी बल्ब पेटवत नाही. तुम्हीही पेटवू नका.

आणि मुळात रात्री स्टोरेजवरच ठेवा. पहाटे आभाळ बघून मग चार्ज करा. स्टोरेजवरून फुल व्हायला पाऊण तास पुरतो.

फुगलेल्या बॅटरीला सुई टोचून हवा काढता येते असं एकाने सांगितलं. मिठाच्या पाण्यात बुडवायचं असंही ऐकलं. खरं काय? – बारामती

सुई अजिबात टोचू नका. आतला वायू पेट घेणारा असतो आणि सुईचं टोक थरांतून गेलं की जागेवर शॉर्ट होतो. काही सेकंदांत पांढरा धूर आणि मग जाळ. तो धूर विषारी असतो.

मिठाच्या पाण्याचा सल्ला जुना आहे, पण खात्रीचा नाही. पाण्यात आधी कनेक्टर आणि टॅब (सेलमधून बाहेर आलेल्या धातूच्या पट्ट्या) गंजून तुटतात, चार्ज आतच राहतो आणि आपल्याला वाटतं की बॅटरी मेली. आवरण शाबूत असेल तर उघड्यावर, दुरून लक्ष ठेवून, बल्बला लावून पूर्ण उतरवा. टोकांना चिकटपट्टी लावा आणि जिथून घेतली तिथे परत द्या. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनुसार वापरलेल्या बॅटऱ्या परत गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकावर आहे, तेव्हा विक्रेता टाळाटाळ करत असेल तर नियमाचं नाव घ्या. भंगारवाल्याला मात्र देऊ नका. तो हातोड्याने फोडतो, आणि भाजतो तो त्याच्या जवळ बसलेला पोरगा.

बांधावर जनरेटर लावून एक सेट उडतो तेव्हा दुसरा चार्ज करतो. उतरलेली बॅटरी लगेच लावली तर चालते का? – अकोला

नाही. उतरलेली बॅटरी हाताला चटका देत असेल तर आत ती त्याहून तापलेली आहे. सावलीत, वाऱ्यावर, एकमेकींना न चिकटवता ठेवा आणि कोमट झाली की लावा. ४० अंशांच्या वर चार्जिंग नको. अकोल्याच्या उन्हाळ्यात हवाच त्याच्या वर असते, तेव्हा चार्जिंग पहाटे उरकणं हाच मार्ग. ओलं फडकं किंवा बर्फ कनेक्टरजवळ नेऊ नका. घाईत एक सेट जास्तीचा घेणं परवडतं, पण १६,००० च्या पॅकला १६ अँपिअरच्या वर रेटणं परवडत नाही. चार्जिंगच्या जागी वाळूची बादली आणि भरपूर पाणी हवंच. पेट घेतला तर आधी जनरेटर बंद, मग माणसं लांब, मग वारा पाठीवर घेऊन पाणी.

लग्नाच्या शूटसाठी पुण्याहून विमानाने जायचं आहे. छोट्या ड्रोनच्या चार बॅटऱ्या कुठे ठेवू? – पुणे

हातातल्या बॅगेत. सुट्या लिथियम बॅटऱ्या चेक-इन सामानात चालत नाहीत. हिशेब वॉट-अवरचा असतो, व्होल्ट गुणिले अँपिअर-अवर. १०० पर्यंत अडचण नाही, १०० ते १६० ला एअरलाइनची परवानगी आणि जास्तीत जास्त दोन. छोट्या कॅमेरा ड्रोनच्या बॅटऱ्या १०० च्या आत येतात, छापील आकडा तेवढा वाचून घ्या. प्रत्येकीच्या टोकांना पट्टी लावा किंवा वेगवेगळ्या पिशवीत ठेवा. चार्ज अर्धाच असू द्या.

याच आठवड्यात फवारणीची बॅटरी विमानाने नेता येईल का, असंही दोघांनी विचारलं. सहा सेलच्या पॅकवर छापलेले २२.२ व्होल्ट गुणिले १६ अँपिअर-अवर म्हणजे ३५५ वॉट-अवर. प्रवासी विमानात ती कुठल्याच बॅगेत जात नाही.