बुद्धीवर टेकायचं नाही, मग बियाणं तपासायचं का?

प्रश्न : गेल्या वर्षी मिरगाच्या पहिल्या पावसाला प्रार्थना केली, मनाला शांती वाटली, म्हणून तीन एकर सोयाबीन पेरलं. पुढं उघाड पडली, बियाणं उगवलंच नाही, दुबार पेरणी करावी लागली. बायबलातलं नीतिसूत्रे ३:५ सांगतं, ‘आपल्याच बुद्धीवर अवलंबून राहू नको.’ मी तेच केलं होतं. माझा विश्वास कमी पडला का? यंदा उगवण तपासून, कृषी सहायकाला विचारून पेरलं तर तो अविश्वास होईल का?
— एक वाचक, जि. यवतमाळ

उत्तर : कमी पडली ती ओल. ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरू नका, असं कृषी खातं दरवर्षी सांगतं. पहिल्या सरीनं वरचा थर तेवढा भिजतो. बी फुगतं, पण कोंब वर यायच्या आत ओल संपते. मनाची शांती हे काही पावसाचं माप नाही.

वचनातला मूळ हिब्रू शब्द टेकण्याचा आहे. आंधळा शमशोन जिथं खांबांना टेकून उभं राहू मागतो (शास्ते १६:२६), तिथं हेच क्रियापद आहे. बुद्धी वापरू नको असं वचन म्हणत नाही. सगळा भार तिच्यावर टाकू नको, एवढंच. बुरूज बांधणारा आधी बसून खर्चाचा हिशेब करतो, हे तर येशूनंच सांगितलंय (लूक १४:२८).

तेव्हा उगवण खुशाल तपासा. घरचं बियाणं असेल तर न निवडता १०० दाणे घ्या, ओल्या बारदान्यावर दहा-दहाच्या ओळींत मांडा, गुंडाळी करून सावलीत ठेवा, रोज पाणी शिंपडा. सहाव्या-सातव्या दिवशी सुदृढ कोंब मोजा. ७० निघाले तर एकरी ३० किलो, ६० निघाले तर ३५ किलो.

खरी गाठ पुढं पडते. कापूस घरात आलाय, भाव पडलाय, अन् वेचणाऱ्या बायांची मजुरी द्यायची आहे. बुद्धी म्हणते, भाव वाढू दे, मग विकू अन् मग देऊ. हिशेबात चूक काढता येत नाही. पण लेवीय १९:१३ म्हणतं, मजुराची मजुरी रात्रभर आपल्याजवळ ठेवू नको. ठरल्या बाजाराच्या दिवशी, गरज पडली तर चार क्विंटल पडत्या भावात विकून पैसे हातावर ठेवणं, नीतिसूत्रे ३:५ पाळायची जागा ही. इथं ‘परमेश्वराची इच्छा काय’ असं गुडघे टेकून विचारत बसणारे बहुधा सवलत मागत असतात.

उलट बाजूची चूकही होते. लांबून आल्याचं सोंग घेऊन तह मागायला आलेल्या गिबोनकरांची वाळलेली भाकर इस्राएलांनी नीट तपासली, पण परमेश्वराला विचारलं नाही (यहोशवा ९:१४). तीन दिवसांत कळलं, ही मंडळी शेजारचीच. तेव्हा पेरणीआधी प्रार्थनाही करा. फक्त पावसाचा आकडा समोर ठेवून.

प्रश्न : डोळे मिटून बायबल उघडावं आणि बोट पडेल ते वचन आपल्यासाठी मानावं का?

उत्तर : नको. बोटाखालच्या ओळीला मागचापुढचा संदर्भ नसतो, मनाजोगी ओळ येईपर्यंत पानं उलटायचा मोहही होतो. पूर्ण अध्याय वाचा. गेल्या वर्षीचं उत्तर यंदाही चालेल असं धरू नका. रेफाईमच्या खोऱ्यात तेच शत्रू, पलिष्टी, पुन्हा आले तेव्हा दावीद राजानं परमेश्वराला पुन्हा विचारलं. पहिल्यांदा ‘चाल कर’ असं उत्तर होतं. दुसऱ्यांदा वळसा घालून मागून जा, तुतीच्या शेंड्यांत पावलांचा आवाज येईपर्यंत थांब, असं (२ शमुवेल ५:१९–२४).