कळलं नाही तरी रडू आलं, ते खोटं का?

मागच्या अंकात मी सहज विचारलं होतं की आपली नसलेल्या भाषेतलं नाटक कुणी बघितलंय का, बघितलं असेल तर काय वाटलं ते कळवा. पत्रं बरीच आली, त्यातली तीन घेतलीयत. पहिल्या पत्राला जागा जास्त दिलीय, ते मी तीन-चारदा वाचलं म्हणून.

प्रश्न : ताई नमस्कार. मी विट्याची. आमचं घर गलाईवाल्यांचं, म्हणजे सोनं गाळणाऱ्यांचं, सासरे मद्रासला होते, दीर अजून कोचीनला दुकान बघतात. मुलगा मात्र शिकून स्वीडनला गेला, गोथेनबर्गला, आणि २०१४ च्या थंडीच्या तोंडाला आम्ही दोघं त्याच्याकडं गेलो होतो. त्यानं एक दिवस ऑपेरा हाऊसला नेलं, बंदराच्या काठावरच आहे ते. नाटक क्रिस्टिना नावाच्या बाईचं, सगळं गाण्यातच, आणि सगळं स्वीडिश. मला एक शब्द कळला नाही. पण नुसत्या दगडांचं रान, तिची लहान पोर जाते ते, मग ती बोट, आणि शेवटी सफरचंद हातात घेऊन ती बाई जाते, मी पदर तोंडाला लावूनच बसले होते. शेजारी एक म्हातारी बाई होती ती पण रडत होती, तिनं माझा हात धरला आणि इंटरव्हलपर्यंत सोडलाच नाही. एवढे लोक पण कोण बोलंना, कुणाचा मोबाईल वाजंना, आणि एक गाणं झाल्यावर टाळ्या थांबंनात. घरी आल्यावर हे म्हणाले, कळलं नाही तर रडलीस कशाला. परवा नातवानं मोबाईलवर तेच गाणं लावलं आणि मला परत तसंच झालं. हा वेडेपणा आहे का? आणि तो धाकटा पोरगा सोन्याच्या मागं जातो त्याचं पुढं काय होतं, ते मला तेव्हा नीट कळलंच नाही.
(एक वाचक, विटा)

उत्तर : काकू, वेडेपणा अजिबात नाही, आणि काकांना माझ्याकडून आपल्या सांगलीचीच एक गोष्ट सांगा. १८४२ साली कर्नाटकातली भागवत मंडळी सांगलीत आली, चिंतामणराव पटवर्धनांसमोर त्यांचे खेळ झाले, कानडीत. आता सांगलीत तेव्हा कानडी कळणारे पुष्कळ होते हे खरंय, पण बघणाऱ्या सगळ्यांनाच शब्दन् शब्द कळत असेल असं मला वाटत नाही. तरी ते खेळ एवढे आवडले की राजेसाहेबांनी विष्णुदास भाव्यांना सांगितलं, असं कायतरी आपल्या भाषेत करा, आणि पुढच्याच वर्षी १८४३ ला 'सीतास्वयंवर' उभं राहिलं. आपलं मराठी नाटक असं दुसऱ्या भाषेतला खेळ बघून जन्माला आलंय, मग तुम्ही गोथेनबर्गला बसून रडलात तर त्यात काय चुकलं? भाव्यांच्या नाटकात पदं सूत्रधार म्हणायचा आणि पात्रं आपापल्या मनानं बोलायची, कारण रामायण बघणाऱ्याला पाठच असायचं. गोष्ट आधीच आत असली की शब्द थोडे मागं राहिले तरी चालतं.

आणि क्रिस्टिनाची गोष्ट तुमच्या आत आधीपासून होतीच की. नाटकाचं पूर्ण नाव 'क्रिस्टिना फ्रॉन डुवेमोला', म्हणजे डुवेमोलाची क्रिस्टिना. डुवेमोला हे तिचं माहेर, स्मोलांड नावाच्या भागात, जिथं रान नांगरायचं म्हणजे आधी दगड वेचायचे. विल्हेल्म मोबर्ग हा लेखक त्याच भागातला, त्यानं १९४९ ते १९५९ मध्ये चार कादंबऱ्या लिहिल्या, घरदार सोडून अमेरिकेला गेलेल्या शेतकऱ्यांवर. त्यावरून अबा बँडवाल्या बेनी अँडरसन आणि ब्योर्न उल्वेयसनं हे नाटक केलं आणि ते ७ ऑक्टोबर १९९५ ला माल्मोमध्ये पहिल्यांदा लागलं. पिकत नाही, कर्ज आहे, उपाशी पोर भुकेपोटी पीठ खाते, ते पोटात फुगतं आणि ती मरते. तोवर क्रिस्टिना जायला तयार नसते, पोर गेल्यावर तयार होते. हे १८५० सालातलं. आपल्याकडं खानापूर-आटपाडीकडची माणसं पाऊस नाही म्हणून मूस आणि भाता घेऊन मद्रास, कोचीन, कलकत्त्याला गेली, तुमचे सासरे त्यातलेच. ते दगडांचं रान स्टेजवर बघितल्यावर तुम्हाला भाषांतर कशाला लागेल?

आता तो धाकटा. त्याचं नाव रॉबर्ट, क्रिस्टिनाचा दीर. लहानपणी ज्याच्याकडं कामाला होता त्या मालकानं कानाखाली अशी मारलेली असते की कान जन्मभर वाजत राहतो, म्हणून त्याला कुणाच्या हाताखाली राहायचंच नसतं. अमेरिकेला पोचल्यावर तो आर्विद नावाच्या दोस्ताला घेऊन कॅलिफोर्नियाला सोनं शोधायला निघतो. सोनं राहिलं बाजूला, वाळवंटात पाणीच मिळत नाही आणि आर्विद खराब पाणी पिऊन मरतो. रॉबर्ट परत येतो तो नोटांची थप्पी घेऊन, भावाला वाटतं आता दिवस पालटले, पण त्या नोटा कुठंच चालत नाहीत. कॅलिफोर्नियाच्या वाटेवर काय झालं ते सांगताना तो जे गाणं म्हणतो त्याचं नाव 'गुल्देत ब्लेव तिल सांद', मराठीत सांगायचं तर सोन्याची वाळू झाली. पहिल्या संचात पीटर योबॅकनं म्हटलेलं, स्वीडनमध्ये घराघरात पोचलं. काकू, सोनं गाळणाऱ्याच्या घरातल्या बाईला हे गाणं नेमकं कळायचं राहून गेलं याचं मला फार वाईट वाटलं, म्हणून एवढं सविस्तर लिहिलं.

टाळ्या थांबंनात म्हणताय ते गाणं बहुतेक 'डू मोस्ते फिन्नास' असणार. अर्थ, तू असायलाच पाहिजेस. तिचं पोटातलं बाळ गेलेलं असतं, आणि आयुष्यभर ज्याच्यावर विश्वास ठेवला त्या देवाला ती विचारते की तू आहेस का नाहीस, आणि नसलास तर मी कुणाकडं जाऊ. विठोबाशी भांडणाऱ्या तुकोबाची सवय असलेल्या कानांना हा सूर अनोळखी नाहीच. हेलेन शोहोल्मनं हे पहिल्यांदा म्हटलं तेव्हा ती पंचविशीची होती, सुरुवात अगदी बोलल्यासारखी, आणि वर जाते ती ओरडत नाही, मागत जाते. ते रेकॉर्डिंग ऐकाच.

राहिली शेजारची म्हातारी. साधारण १८५० ते १९३० मध्ये स्वीडनमधून १२-१३ लाख माणसं अमेरिकेला गेली, आणि १८५० ला अख्ख्या देशाची लोकसंख्या होती ३५ लाखांच्या आसपास. नाटकातली माणसं कार्ल्सहाम्न बंदरातून निघतात, पण नंतरच्या काळात बहुतेक सगळे गेले ते गोथेनबर्गहून, तिथून बोटीनं इंग्लंडमधल्या हलला, मग रेल्वेनं लिव्हरपूलला आणि तिथून मोठी बोट. म्हंजे तुम्ही बसला होता त्याच बंदरावर कुणाची तरी पणजी गाठोडं घेऊन उभी राहिली असेल, परत कधीच न येण्यासाठी. त्या बाईनं तुमचा हात का धरला हे मी कसं सांगू, पण तुम्हाला रडताना बघून तिला नवल वाटलं नसेल एवढं नक्की.

परत ऐकायचं असेल तर १९९६ ला आलेल्या मूळ संचाच्या तीन सीडी आहेत, नातवाला शोधायला सांगा, गाणी क्रमानंच लावा, आणि उवांचं गाणं सोडू नका. बोटीवर सगळ्यांना उवा होतात, सगळे उलरिका नावाच्या बदनाम बाईवर बोट ठेवतात, आणि निघतं काय तर उवा सोज्वळ क्रिस्टिनाच्या अंगावर, उलरिकाच्या नाहीतच. पुढं तीच उलरिका तिची सगळ्यात जवळची मैत्रीण होते. आणि ते सफरचंद माहेरच्या झाडाचं, बी अमेरिकेत लावलेलं.

प्रश्न : मी मिरजेत कॉलेजला आहे, आमचा एकांकिकेचा ग्रुप आहे. बुद्धिबळावरचं 'चेस' म्युझिकल आधी इंग्लिशमधून ऐकलेलं, मग स्वीडिश प्रयोगाचं रेकॉर्डिंग बघितलं, इंग्लिश कळत असूनही स्वीडिश जास्त भिडलं, असं का होतं? आणि सांगलीत बुद्धिबळ एवढं मोठं आहे तर आम्ही हे मराठीत करावं का?

उत्तर : मित्रा, कान चांगला आहे तुझा. 'चेस'चा आधी १९८४ ला अल्बम आला, मग १९८६ ला लंडनमध्ये नाटक, १९८८ ला न्यूयॉर्कला गोष्ट बदलून केलं ते दोन महिन्यांत उतरलं. स्वीडिशमध्ये ते २००२ ला स्टॉकहोमच्या सर्कुस थिएटरला आलं. रशियन खेळाडूचं काम करणारा टॉमी शोरबेरी हाच १९८४ च्या अल्बममध्येही होता, इंग्लिशमध्ये गायलेला, आणि अठरा वर्षांनी तोच माणूस तीच गाणी स्वतःच्या भाषेत म्हणतोय. मला वाटतं तुला भिडलं ते हे, आणि चाली बांधणारे दोघंही स्वीडिशच, वरचेच बेनी आणि ब्योर्न, त्यामुळं सुरांच्या वळणात ती बोली आधीच होती, शब्द नंतर घरी आले.

मराठीत करायचं तर परवानगी काढल्याशिवाय हात लावू नका, हे पहिलं. दुसरं म्हणजे बांधलेल्या चालीवर शब्द बसवायची विद्या आपल्याकडं जुनी आहे, जुन्या नाटकांच्या पुस्तकात पदाच्या डोक्यावर 'चाल अमुक' असं छापलेलं असायचं, खाडिलकरांच्या 'स्वयंवर'ला १९१६ मध्ये भास्करबुवा बखल्यांनी चाली दिल्या, ती पदं आणि मूळच्या चिजा शेजारी ठेवून ऐका. मराठीत क्रियापद शेवटी येतं, त्यामुळं लांब सूर नेमका 'आहे' नायतर 'होते' वर येऊन बसतो आणि गाणं बातमीसारखं वाटतं, तिथं वाक्य उलटं करा, लांबवायच्या जागी आकार-ओकार येईल असा शब्द शोधा, कागदावर नाही, गुणगुणत. तरी माझं मन विचारशील तर स्वतःचंच लिहा. भाऊसाहेब पडसलगीकरांनी १९४१ ला नूतन बुद्धिबळ मंडळ काढलं, भाग्यश्री साठे म्हणजे पुढच्या ठिपसे, स्वाती घाटे, या आपल्या सांगलीच्या मुली. पटासमोर तासन् तास गप्प बसलेली मुलगी मनात काय म्हणत असेल, या एका प्रश्नावर अख्खी एकांकिका होईल, आणि पहिला प्रयोग मला कळवा.

प्रश्न : आपली संगीत नाटकं बघायला माणूस मिळत नाही आणि तुम्ही स्वीडनचं कौतुक मांडताय. माझ्याकडं वडिलांच्या पदांच्या वह्या आहेत, 'शारदा'पासूनच्या, कोण विचारत नाही.
(एक ज्येष्ठ वाचक, हरिपूर)

उत्तर : आजोबा, तुमचं दुखणं माझंही आहे, आणि तुम्ही तर देवलांच्या हरिपूरचे. १८९९ ला 'शारदा' आलं तेव्हा म्हाताऱ्याला पोर देण्याचा प्रकार घरोघर चालू होता, बघणाऱ्या बायकांना ते शेजारच्या घरातलं वाटत असणार, जसं गोथेनबर्गच्या त्या बाईला क्रिस्टिनाचं वाटलं. म्हणूनच विट्याच्या काकूंचं पत्र मी एवढं मोठं छापलं. वह्या मला बघायच्यायत. पदावर चाल लिहिलेली असेल तर ती पानं आधी काढून ठेवा, पेन्सिलीनं लिहिलेलं पुसट होतंय का तेही बघा, मी फोटो काढून घेईन, आणि मिरजेच्या त्या मुलांना सोबत आणलं तर चालेल का? पुढच्या रविवारी संध्याकाळी संगमावर येतेच आहे, पेटी असेल घरात तर भाता तेवढा तपासून ठेवा.