नातीला मामाकडे परदेशी पाठवताना
प्रश्न : माझी मुलगी आणि जावई दोघेही निवर्तले असून आठ वर्षांची नात इंदूरला माझ्याजवळ राहते. कॅनडातला माझा मुलगा तिला दत्तक घेऊ इच्छितो. नोटरीकडे दत्तकपत्र केले की पुरे, असे एक परिचित सांगतात. ते खरे आहे का?

उत्तर : आजी, ते खरे नाही, आणि कृपा करून अशा कागदावर सही करू नका. मामा हा बाल न्याय अधिनियम, 2015 नुसार ‘नातेवाईक’ ठरतो; मात्र तो परदेशात राहत असल्याने हे आंतरदेशीय, म्हणजे दोन देशांमधले, दत्तक होते. त्यासाठी तिकडच्या अधिकृत यंत्रणेने त्याच्या घराची पाहणी करून अहवाल द्यावा लागतो, इकडे जिल्हा बाल संरक्षण कक्ष मुलीच्या कुटुंबाचा अहवाल तयार करतो, आणि आई-वडील हयात नसल्यामुळे बालकल्याण समितीची परवानगीही लागते. 2022 पासून दत्तकाचा आदेश न्यायालयाऐवजी जिल्हाधिकारी देतात. त्यानंतर ‘कारा’चे, म्हणजे केंद्रीय दत्तक संसाधन प्राधिकरणाचे, ना-हरकत प्रमाणपत्र मिळते, त्याशिवाय मुलीला देशाबाहेर नेता येत नाही.

सांभाळ तुम्ही करता, तरी कायद्याने तुम्ही आपोआप पालक ठरत नाही. म्हणून 1890 च्या पालक व पाल्य अधिनियमाखाली न्यायालयाकडून पालकत्व आधी मिळवा. दोन्ही मृत्यू-दाखले, नातीचा जन्मदाखला आणि मुलीचे स्वतःच्या आईशी, म्हणजे तुमच्याशी, नाते दाखवणारे कागद एका फाइलीत ठेवा. लग्नानंतर बदललेल्या नावामुळे नेमके इथेच काम अडते.

पाच वर्षांवरील मुलाची संमती नियमांनुसार आवश्यक आहे. तेव्हा मामाशी व्हिडिओवर बोलताना तिला एकटीला बसू द्या, आणि जायचे आहे का, हे तिलाच विचारा.